उकळकाकूंचा माठ

त्या लॉजवर किल्ली नंतर मिळायची, आधी बाटली मिळायची.

बाटली जाड काचेची, बुचाची, गळ्याला रंगीत चिंधी बांधलेली. एक नंबरच्या खोलीची लाल, दोनची निळी, तीनची पिवळी. मी पाचात उतरायचो, माझी हिरवी. काकू बाटली टेबलावर ठेवायच्या, चष्मा कपाळावर सारायच्या आणि सुरू करायच्या.

"हे पाणी. प्यायला हेच, दात घासायला हेच, चूळ भरायलाही हेच. आंघोळीला नळाचं चालेल, पण आंघोळ करताना गाणी म्हणायची नाहीत. तोंड मिटून आंघोळ करायची."

नवा पाहुणा हसायचा. काकू हसायच्या नाहीत. "फळ खा, पण स्वतः सोलून. बर्फ कुठल्या पाण्याचा केलाय ते बर्फालाही माहीत नसतं, तेव्हा त्याच्या नादी लागू नका. अकरा ते चार उन्हात हिंडायचं नाही. मच्छरदाणी गादीखाली खोचायची. नुसती टांगून ठेवली तर डासांना वाटतं, खोली त्यांच्यासाठीच आहे. समुद्र बघायला आलात ना? मग चार दिवस संडासाचं दार बघत बसू नका."

एवढं झालं की मग किल्ली. लोक त्यांना पाठीमागे उकळकाकू म्हणायचे. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

मी वजनकाटे दुरुस्त करतो. किनाऱ्यावरची खारी हवा म्हणजे लोखंडाची वैरीण. धक्क्यावरचे मासळीचे मोठे काटे वर्षभरात गंजतात, अडतात, खोटं बोलायला लागतात. ते वठणीवर आणायला मी वर्षातून एकदा दहा दिवसांसाठी त्या गावी जायचो. पहिल्या खेपेला दुसऱ्या एका लॉजवर उतरलो होतो. तिथं मी समुद्र पाहिलाच नाही, का ते सांगत नाही. माझं पोट हे तसं नाजूक प्रकरण आहे. दुसऱ्या वर्षी कुणीतरी काकूंचा पत्ता दिला आणि मी हिरव्या चिंधीचा झालो तो कायमचा.

काकूंचं घर आणि लॉज एकच. दुमजली, सहा खोल्या, लांब व्हरांडा, त्यात ओल्या चपलांची रांग. खाली मागच्या बाजूला स्वयंपाकघर. तिथं पहाटे साडेपाचला भलंमोठं पातेलं चढायचं. पाणी खळखळा उकळायला लागलं की काकू भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायच्या आणि तिथून पुढे मोजून दहा मिनिटं. नऊ नाही. एकदा मी म्हणालो, "काकू, इतकी वर्षं झाली, अंदाज आला असेल की." त्या म्हणाल्या, "तुम्ही काटे अंदाजाने लावता का?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

हे वेड लागायला कारण होतं. लॉज सुरू केलं त्या वर्षी एक शाळामास्तर उतरले होते. साधे, गरीब स्वभावाचे, मागतील ते फक्त पाणी. काकूंनी विहिरीचं दिलं, घरातले सगळे तेच पीत. तिसऱ्या दिवशी मास्तरांना दोन माणसांनी उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. वाचले, पण मरणाच्या दारातून परतले. जाताना काकूंनाच म्हणाले, "तुम्हाला उगाच त्रास दिला." ते वाक्य काकूंना आयुष्यभर पुरलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, काकूंनी पाणी उकळायला घेतलं.

पण ते पाहुण्यांपुरतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिकाटण्यावर एक काळा माठ होता, त्यावर लाकडी झाकण, झाकणावर लांब दांड्याचं पितळी ओगराळं. त्यात विहिरीचं पाणी. ते घरच्यांचं. काका होते तेव्हा संध्याकाळी लाँचची इंजिनं दुरुस्त करून यायचे, तेलाचे हात धुवायचे आणि ओगराळ्याने पेला भरून घटाघटा प्यायचे. पिऊन झालं की "हां" असा आवाज काढायचे. तो आवाज मला पहिली दोन वर्षंच ऐकायला मिळाला. मग काका गेले. माठ राहिला आणि त्यातलं पिणाऱ्या एकट्या काकू राहिल्या.

सांगायला लाज वाटते, पण मला त्या माठातलं पाणी हवं होतं. माझं लग्न झालं नाही, घर म्हणजे एक खोली आणि तीही वर्षातले सात महिने कुलपात. बाकी सगळीकडे मी पाहुणा. काकूंकडे मी भाजी निवडायला बसायचो, त्यांचा रॉकेलचा कंदील नीट केला, काका गेले त्या वर्षी माझं काम उरकल्यावरही दोन दिवस राहिलो. सहाव्या वर्षी मनाचा हिय्या करून म्हणालो, "काकू, आज माठातलं द्या ना जरा."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "काटेवाले, तुमचं पोट पाहुण्याचं आहे. ते पाणी फक्त इथल्यांना सोसतं." आणि हिरव्या चिंधीची बाटली पुढे सरकवली. प्रेमानेच सरकवली. तरी रात्रभर मला ते लागून राहिलं.

इथल्यांपैकी आणखी एकजण होता, पण तो इथं नव्हता. काकूंचा एकुलता एक मुलगा, छोटू. विसाव्या वर्षी घर सोडून गेला तो पार दूरच्या थंड शहरात. तिथं मोठमोठ्या शीतगोदामांची यंत्रं सांभाळायचा. बापाचा हात त्याच्यात उतरला होता, असं काकू म्हणायच्या. दर रविवारी फोन यायचा. काका गेले तेव्हा त्याची कागदपत्रं अडकली होती, येता आलं नाही. काकूंनी कधी बोल लावला नाही. पण रविवारी फोन ठेवल्यावर त्या स्वयंपाकघरात जायच्या आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायच्या.

काकूंकडच्या अकराव्या वर्षी मी पोचलो तर दारात बाटली होती, पण भाषण नव्हतं. काकूंनी किल्लीही लगेच दिली. मला वाटलं, बाईंना ताप आहे.

"छोटू येतोय," त्या म्हणाल्या. "परवा. तीन दिवस राहणार. मग त्याला पुढे कुठल्याशा बंदरावर काम आहे."

"पंधरा वर्षांनी आणि तीनच दिवस?" माझ्या तोंडून गेलं. माझं तोंड हे असंच आहे.

"तीन तर तीन," काकू म्हणाल्या. "आला की घर बघेल. बघितलं की वाटेल त्याला. मग पुन्हा येईल." एवढ्यावर सगळं अवलंबून होतं. त्या तीन दिवसांत त्याला हे घर आपलं वाटलं पाहिजे, बस्स.

त्याची लहानपणची खोली म्हणजे आताची तीन नंबर. काकूंनी ती पंधरा दिवस आधीच रिकामी ठेवली होती. भिंती पुसल्या, गादी उन्हात घातली. मग माझ्या दाराशी आल्या. "पेचकस आहे ना तुमच्याकडे? द्या जरा." मी मागोमाग गेलो. तीन नंबरच्या दारावर पत्र्याचा आकडा होता, दोन स्क्रूंनी बसवलेला. स्क्रू गंजलेले, निघता निघेनात. शेवटी मीच तेल सोडून काढले. आकडा काढल्यावर दारावर फिकट रंगाचा तीन उरला. काकूंनी तो ओल्या फडक्याने बराच वेळ पुसला, पण तो काही जाईना.

छोटू आला. सहा फूट उंच, कानशिलं पिकलेली, दारात वाकून शिरला. "छोटू" म्हणून हाक मारल्यावर व्हरांड्यातला एक पाहुणा इकडेतिकडे लहान मूल शोधायला लागला. आईला मिठी कशी मारायची हे त्याला कळत नव्हतं आणि काकूंनाही. दोघांनी मग एकमेकांचे दंड धरले आणि तसेच उभे राहिले.

त्याच्या सामानात सीलबंद पाण्याच्या बाटल्यांचा एक खोका होता, बंदरावरून विकत घेतलेला. तो त्याने व्हरांड्यात ठेवला. काकूंनी तो बघितला आणि काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत, तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं.

रात्री जेवायला आम्ही तिघंच. काकूंनी मला आग्रहाने बसवलं होतं. छोटूने शेजारी सीलबंद बाटली ठेवली, झाकण पिळलं. काकू उठल्या, माठाचं झाकण काढलं, ओगराळ्याने पेला भरला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"हे विकतचं कशाला? हे प्यायला लागलास तेव्हा तुला दातसुद्धा आले नव्हते."

छोटूने पेल्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझ्यापुढे हिरवी चिंधी होती. त्या नजरेत सरळ प्रश्न होता. पंधरा वर्षं थंड शहरात राहिलेलं पोट हे माझ्यापेक्षाही परकं झालेलं असणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. एक वाक्य पुरलं असतं. आणि मी मूग गिळून गप्प बसलो.

का बसलो ते खरं सांगतो. आईच्या हातचा पेला मध्ये पडून अडवायचा नसतो, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. पण खरं कारण निराळं होतं. मला हेवा वाटत होता. अकरा वर्षांत जे मला मिळालं नाही, ते ह्याला पहिल्या रात्री न मागता मिळालं होतं आणि हा पठ्ठ्या विचार करत बसला होता. मनात म्हणालो, पी ना लेका.

तो प्यायला. सगळा पेला. खाली ठेवला आणि "हां" केलं, अगदी बापासारखं. "तीच चव, आई."

काकूंनी पदराने तोंड पुसलं, डोळेही त्यातच पुसले. त्या रात्री त्यांनी त्याला तीनदा वाढलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळं ठीक. तो माठातलंच पीत राहिला, खोका व्हरांड्यात तसाच. पहाटे मला बाहेरून पावलं ऐकू आली. पुन्हा पुन्हा, घाईची, भिंतीला हात लावत जाणारी. ती पावलं मी ओळखतो. मी उठलो तेव्हा काकू जिन्यात उभ्या होत्या, केस सुटलेले, हातात काही नाही. एरवी पाहुण्याला नुसती ढेकर आली तरी साखरमीठ घेऊन धावणारी बाई जिन्यात नुसती उभी होती.

"काकू, पाणी," मी म्हणालो. "एक लिटर, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. तुम्हीच शिकवलंय."

मग त्या हलल्या. मी डॉक्टरांना घेऊन आलो. डॉक्टर काकूंना ओळखत होते. त्यांचे अर्धे रुग्ण काकूंनी वाचवले म्हणून त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते. तपासून बाहेर आले आणि म्हणाले, "उकळकाकूंच्या घरात? दिव्याखाली अंधार म्हणायचा." चेष्टेने म्हणाले. काकूंचा चेहरा बघितला आणि औषधं लिहायला घेतली.

पहिले तीन दिवस वाईट होते. ताप चढायचा, काही पोटात ठरायचं नाही, ओठांची सालं निघाली. काकू उशाशी बसून दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा, दोन चमचे पाजत. घड्याळ खालून वर आणून खुर्चीवर ठेवलं होतं. किती पाणी गेलं, लघवी कधी झाली, ताप किती, सगळं एका कागदावर. तळहाताच्या फोडासारखं जपलं त्याला. पिवळ्या चिंधीची बाटली त्या खोलीत पुन्हा आली, कशी आली ते मी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी तो उठून बसला. पाचव्या दिवशी मऊ भात खाल्ला. पुढच्या बंदरावरचं काम दुसऱ्या कुणाकडे गेलं, म्हणून तो घरीच राहिला. दुपारी मी धक्क्यावरून आलो की दार उघडं दिसायचं. काकू त्याची नखं कापतायत, नाहीतर तो उशीला टेकून गोदामातल्या गोष्टी सांगतोय आणि काकू हुंकार भरतायत. त्यांचा आवाज मी इतका हलका कधी ऐकला नव्हता. भांडी एकदाच धुतली जायची.

आजारपणाच्या आठव्या दिवशी मी स्वयंपाकघरात शेंगा सोलत होतो. माझं काम उरकलं होतं, तरी मी थांबलो होतो. काकू पातेल्यासमोर उभ्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो," मी म्हणालो.

"मलाही होतं. हजार लोकांना मी हेच सांगितलंय. पण त्याला बाटली द्यायची म्हणजे काय, काटेवाले? पोटच्या पोराला सांगायचं, की बाबा, तू आता बाहेरचा?"

मी पुढची शेंग सोलायला घेतली.

"मुद्दाम नाही दिलं मी. पण तीन दिवसांचा माणूस नऊ दिवस राहिला. मला वाईट वाटतंय आणि बरंही वाटतंय. कुठलं जास्त ते तुमच्या काट्यावर कळेल का?"

"असल्या वजनाला काटा नसतो, काकू," मी म्हणालो. मीही गुन्हेगारच होतो, पण हेव्याचं मी सांगितलं नाही. त्या बाईवर तेव्हा माझं ओझं कशाला टाकायचं.

दहाव्या दिवशी सकाळी तो निघाला. अंगातले कपडे ढिले झाले होते. सामान व्हरांड्यात ठेवून तो निरोप घ्यायला स्वयंपाकघरात आला. काकू पाणी बाटल्यांत भरत होत्या. तो सरळ माठापाशी गेला, ओगराळं घेतलं, पेला भरला. आजारपणात तापाच्या भरात तो आईला बरंच टाकून बोलला होता, ते त्याला आता टोचत असावं. त्याला बहुधा ते असं मिटवायचं होतं.

पेला ओठांपर्यंत गेला आणि काकूंनी त्याचं मनगट धरलं.

"ठेव खाली."

"एकच घोट, आई. जातोय आता."

काकूंनी पेला त्याच्या हातातून काढून घेतला आणि मोरीत ओतला. मग टेबलावरची पिवळ्या चिंधीची बाटली उचलून त्याच्या हातात दिली. "वाटेत हेच पी. संपलं की सील बघून विकत घे. बर्फ नको."

तो बाटलीकडे बघत राहिला. "मी काय गिऱ्हाईक आहे का गं?"

"पाहुणा आहेस," काकू म्हणाल्या. "पाहुणा जपायचा असतो." आवाज नेहमीचा होता, दारातल्या भाषणाचा.

तो वाकला, पाया पडला, गेला. मोटारीचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला. काकू थोड्या वेळाने माझ्या खोलीपाशी आल्या. त्यांच्या हातात पत्र्याचा तो आकडा होता, तीन.

"पेचकस द्या जरा."

पेचकस माझ्या खिशात होता. "सामानात तळाशी गेलाय, काकू," मी म्हणालो. "आता निघणार नाही." त्या आकडा तसाच घेऊन खाली गेल्या. एवढं एकच खोटं मी त्या घरात बोललो.

वर्षभर मला ते घर आठवत राहिलं. पत्र लिहावंसं वाटलं, पण मी कोण लिहिणार? पाच नंबर. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा दाराशीच अडखळलो. काकूंनी आधी किल्ली दिली. टेबलावर बाटली नव्हती. वर खोलीकडे जाताना बघितलं, तीन नंबरच्या दारावर आकडा नव्हता. नुसता तो फिकट तीन.

मी हातपाय धुऊन स्वयंपाकघरात गेलो. काकू वाळल्या होत्या. पण पातेलं होतं, घड्याळ होतं, माठ होता. मी बसलो आणि म्हणालो, "काकू, माझी हिरवी चिंधी कुठे गेली?"

त्या माठापाशी गेल्या. झाकण काढलं, ओगराळं आत घातलं, पेला भरला आणि माझ्यापुढे ठेवला.

खोटं कशाला सांगू, बारा वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर होतं आणि माझं पोट, ते नाजूक प्रकरण, मी साफ विसरलो. पडलो आजारी तर पडलो, असं म्हणून पेला तोंडाला लावला.

गार होतं, मातीचा वास होता. पण त्याखालची चव माझ्या ओळखीची होती, मिळमिळीत. अकरा वर्षं बाटलीतून मी हेच पीत आलो होतो.

"उकळलेलंच आहे," काकू म्हणाल्या. "आता सगळं तेच. विहिरीचं नुसतं धुण्याभांड्याला."

"आणि तुम्ही?"

"मी पण हेच पिते." त्यांनी स्वतःसाठी अर्धा पेला घेतला. "दोन पाणी ठेवली की कुणाला कुठलं द्यायचं ते ठरवावं लागतं. मला आता ठरवायचं नाही. छोटू आला की माठापाशी जाईल, आपल्या हाताने घेईल, पिईल. मला मध्ये पडायला नको आणि त्याला विचारायला नको."

"कधी येतोय?"

"येईन म्हणतो. रविवारी म्हणतो." त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "चाळीस वर्षं विहिरीचं प्यायले, काटेवाले. वर्ष झालं, या पाण्याने तहान काही भागत नाही. पण सवय करायची म्हणजे आधी माणसाने स्वतः करायची."

पातेल्यातलं पाणी खळखळायला लागलं. काकूंनी पेला ठेवला, घड्याळाकडे बघितलं आणि दहा मिनिटं मोजायला उभ्या राहिल्या. मी माझा पेला संपवला आणि उठून माठातून दुसरा माझ्या हातानेच भरून घेतला.